खंड्याची पालखी

रायगडावर सहलीला जाऊन आलेल्या शाळकरी मुलाला वाघ्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. शिवछत्रपतींच्या समाधीजवळचा, उंच चौथऱ्यावरचा तो कुत्रा त्याने डोळे भरून पाहिलेला असतो. तो पुतळा १९३६ साली उभा राहिला, वाघ्याच्या कथेला समकालीन कागदांत आधार मिळत नाही आणि म्हणून त्या पुतळ्यावरून वाद झडतात, हे त्याला पुढे केव्हातरी कळते. पण त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका कुत्र्याची हकीकत साताऱ्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते. या कुत्र्याने धन्याचा जीव वाचवला, त्याच्या नावाने सनद निघाली, त्याला पालखीचा मान मिळाला आणि मेल्यावर त्याची समाधी झाली. त्याचे नाव खंड्या. धनी होते थोरले शाहू महाराज, शिवछत्रपतींचे नातू आणि संभाजी महाराजांचे पुत्र.

साताऱ्याच्या पूर्वेला चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम आहे. गावाचे नाव संगम माहुली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ इथे आहे, घाट आहेत, छत्रपतींच्या घराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. आणि त्यांच्याच संगतीत, नदीकाठी, एका चौथऱ्यावर दगडाचा कुत्रा बसला आहे. पाण्यापावसाने त्याचे नाकडोळे झिजले आहेत. नवखा माणूस त्याला नंदी समजून हात जोडतो आणि पुढे जातो.

मीही कुत्र्यांच्या घरातला माणूस. गेली पंचवीस वर्षे आमच्या घरी एकाच वेळी दोन-तीन कुत्री नांदत आली आहेत. त्यामुळे या गोष्टीकडे माझे मन ओढले गेले, यात नवल नाही. पण जसजसा शाहू महाराजांच्या चरित्रात शिरलो, तसतसे एक लक्षात येत गेले. या राजाचे श्वानप्रेम ही चार घटका हसून सोडून द्यायची लहर नाही. त्याच्या आयुष्याचे कुलूप उघडायची किल्लीच तिथे ठेवलेली आहे.

साडेसतरा वर्षे

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ रोजी माणगावजवळच्या गांगवली येथे झाला. पाळण्यातले नाव शिवाजी. आजोबांचेच नाव नातवाला. वयाच्या सातव्या वर्षी, १६८९च्या मार्चमध्ये, औरंगजेबाने वडिलांना हाल हाल करून मारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड पडला आणि आई येसूबाईंसह हे मूल मोगलांच्या हाती सापडले. तिथून पुढे साडेसतरा वर्षे त्याचे घर म्हणजे बादशहाची फिरती छावणी. आज या नदीकाठी, सहा महिन्यांनी त्या किल्ल्याखाली. तंबूंचे शहर उठायचे आणि चालू लागायचे, आणि त्याच्या पोटात हा राजपुत्र आपल्या आईसह पहाऱ्यात चालायचा.

कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हती. बादशहाने त्याला राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली होती. बादशहाची मुलगी झीनतउन्निसा हिने मायलेकरांना मायेने वागवले आणि शाहूंनी ते कधी विसरले नाही. बादशहा या मुलाला साव, म्हणजे प्रामाणिक, म्हणू लागला आणि त्याचेच पुढे शाहू झाले, असे बखरी सांगतात. छावणीतच त्यांची लग्ने झाली. पण सोन्याचा असला तरी तो पिंजराच होता. १७०३च्या सुमारास धर्म बदलण्याचा तगादा लागला. त्यावेळी प्रतापराव गुजरांच्या मुलांनी ते संकट स्वतःवर घेतले आणि शाहूंचा धर्म राखला, अशी परंपरा आहे.

या वर्षांत त्या मुलाने काय पाहिले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती वर्षे मराठ्यांच्या पराक्रमाची होती तशीच निष्ठेच्या बाजाराचीही होती. सरदार आज इकडे, उद्या तिकडे. मोगलांकडून मनसब मिळाली की तिकडे जायचे, राजाराम महाराजांकडून वतनाचे आश्वासन आले की परत यायचे. शेवटी छत्रपतींनाही अजून न जिंकलेल्या मुलखाच्या सनदा आगाऊ लिहून द्याव्या लागल्या. प्रत्येक मुजऱ्याच्या मागे एक अर्ज असायचा. असल्या जागी वाढणाऱ्या मुलाला, ज्याला आपल्याकडून वतन नको, मनसब नको, केवळ आपण हवे आहोत, असा जीव भेटला तर त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मोगलांच्या परंपरेत शिकार हा नुसता खेळ नव्हता, ते राज्याचे एक खाते होते. चित्ते, बाजपक्षी, कुत्री यांना वेगळी माणसे, वेगळी नेमणूक. अबुल फजलने आइन-ए-अकबरीत लिहून ठेवले आहे की, अकबराला कुत्री फार आवडत, तो ती देशोदेशींहून मागवी. काबूलकडची, विशेषतः हजारा भागातली कुत्री उत्तम समजली जात, त्यांना नावे देत आणि दागिन्यांनी सजवीतही. ही नोंद वाचकांनी जरा लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. शाहूंचे बालपण ज्या रीतीभातीत गेले, तिच्यात कुत्र्याच्या अंगावर दागिना चढणे ही वेडेपणाची गोष्ट नव्हती.

आमच्या मुलखातून

१७०७च्या प्रारंभी अहमदनगरजवळ भिंगारला औरंगजेब मेला. त्याचा देह आमच्या शहरापासून जवळच, खुलताबादला पुरला गेला. उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाने मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथे शाहूंना सोडले. मातोश्री येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले. पंचवीस वर्षांचा हा तरुण नर्मदा उतरून दक्षिणेत आला. वाटेत माणसे मिळत गेली आणि बघता बघता फौज उभी राहिली.

यानंतरची हकीकत आमच्या भागाशी निगडित आहे. खाफीखानाने ती लिहून ठेवली आहे. शाहू खुलताबादला बादशहाच्या कबरीचे दर्शन घेण्यासाठी येत असताना त्यांच्या सैन्यातल्या काही टोळ्यांनी औरंगाबादच्या आसपास लूटमार आरंभली. शहराचा बंदोबस्त करावा लागला. शाहूंनी आपल्या लोकांना लुटीची मनाई केली, दर्शन घेतले आणि ते पुढे गेले. ज्याने आपल्या बापाला तसे मारले, त्याच्या कबरीपुढे हा मुलगा उभा राहिला. कोणी याला दुबळेपणा म्हणते, कोणी मुत्सद्देगिरी. मला वाटते, ज्याच्या छायेत आपण वाढलो त्याच्याशी असलेला हिशेब मिटवूनच पुढे जायचे, असा तो स्वभाव होता. याच शहराला २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. बापाचे नाव धारण करणाऱ्या या शहराच्या वेशीवरून त्याचा मुलगा एकदा शहर न लुटता निघून गेला होता, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

त्याच प्रवासात पारद गावच्या लोखंडे पाटलाने शाहूंच्या माणसांना विरोध केला. चकमकीत पाटील मारला गेला. त्याच्या बायकोने आपले तान्हे मूल आणून शाहूंच्या पुढ्यात ठेवले. शाहूंनी ते मूल उचलून घेतले, पहिल्याच विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि पोटच्या पोरासारखे वाढवले. अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा हा मूळपुरुष. मारल्या गेलेल्या वैऱ्याचे पोर घरात घेणारा आणि त्याच्यावर कायमचा विश्वास टाकणारा हा माणूस, त्याच्या कुत्र्यांच्या गोष्टीकडे वळण्याआधी ओळखून घ्यायला हवा.

ऑक्टोबर १७०७मध्ये खेडच्या लढाईत धनाजी जाधव ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८मध्ये साताऱ्यास राज्याभिषेक झाला. आणि मग सुरू झाली एक बेचाळीस वर्षांची कारकीर्द.

साताऱ्याचा दिनक्रम

शाहूंनी अजिंक्यताऱ्यावरून खाली उतरून पायथ्याशी शहर वसवले. शाहूनगर त्याचे नाव. रंगमहालात त्यांचा मुक्काम असे. स्वतः तलवार घेऊन मोहिमेवर जाण्याचे प्रसंग त्यांनी क्वचितच आणले. पण घोड्यावर बसून शिकारीला जाण्याचा त्यांचा क्रम फारसा चुकत नसे. त्यांच्या रोजनिशीतून आणि पत्रांतून त्यांच्या आवडीनिवडी डोकावतात. चांगला घोडा, चांगली बंदूक, चांगले पक्षी, फळझाडांची रोपे आणि चांगली कुत्री.

१७३९ साली मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन गॉर्डन नावाचा वकील शाहूंकडे पाठवला. चिमाजी आप्पांनी नुकतीच वसई घेतली होती, इंग्रजांच्या पोटात गोळा आला होता. आता छत्रपती काय मागतात, याची त्याला चिंता असणार. महाराजांनी मागणी केली ती गिनी कोंबड्यांची, टर्कीची, बसऱ्याकडच्या कबुतरांची आणि आणखी काही अपूर्व पक्षी मिळतील तर त्यांची! दिल्लीपर्यंत ज्याच्या नावाने चौथाई वसूल होत होती, त्या राजाची ही यादी. वाचताना हसू येते आणि मग जरा वेळाने बरेही वाटते.

आपल्या भाषेने कुत्र्याला फार वाईट वागवले आहे. कुत्र्याला खीर पचत नाही म्हणतो, कुत्रे हाल खाणार नाही म्हणतो, कोणाचा तिरस्कार करायचा तर पहिला शब्द तोच. पण देव्हाऱ्यात पाहावे तर चित्र निराळे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या घोड्याजवळ कुत्रा, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. शाहूंच्या लाडक्या कुत्र्याचे खंड्या हे नाव ऐकताना जेजुरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

कुत्री पाळणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने कळते. घरात एक कुत्रे असले की ते पाळीव असते. तीन झाली की तो दरबार असतो. कोण आधी दाराशी जाणार, कोणाची जागा धन्याच्या पायाशी, कोणी कोणाच्या ताटलीला तोंड लावायचे नाही, हे सगळे मानपान ती आपसात ठरवतात. धन्याने एकाला जास्त थोपटले की दुसरे रुसते. आमच्या घरी थोरल्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय धाकट्याला हाक मारायची सोय नाही. साताऱ्याच्या दरबारात प्रतिनिधी आणि पेशवे, सेनापती आणि सरलष्कर यांची हीच तऱ्हा होती, असे म्हटले तर त्या थोर माणसांचा अवमान होईल. पण शाहूंना दोन्हीकडचा सराव होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

वाघ आणि सनद

शिकारीतल्या त्या दिवसाची हकीकत थोडक्यात अशी. महाराज शिकारीला गेले असताना वाघ त्यांच्यावर चालून आला. बरोबरच्या माणसांच्या ध्यानात येण्याआधी कुत्र्याच्या ते ध्यानात आले. खंड्या भुंकून उठला, महाराज सावध झाले आणि जीव वाचला. कोणी सांगते, तो वाघाच्या अंगावर धावून गेला. कोणी सांगते, नुसत्या भुंकण्याने काम झाले. कुत्र्याच्या धन्याला हा फरक मोठा वाटणार नाही.

पुढचे मात्र साधे नव्हते. महाराजांनी कुत्र्याच्या नावाने जहागिरीची सनद करून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. पालखी ही त्या काळी हौसेने घेऊन बसायची वस्तू नव्हती. छत्रपतींनी दिल्याशिवाय ती कोणाला मिळत नसे. तिच्याबरोबर भोई, त्यांची नेमणूक, त्या नेमणुकीचा खर्च हे सारे येत असे. लढाईत हयात घालवलेले सरदार त्या मानाची वाट पाहत. तो मान एका मुक्या जनावराला मिळाला आणि त्या पालखीचा सरंजाम पुढे चालूही राहिला.

मी बँकेत होतो तेव्हा शेतीच्या कर्जांच्या निमित्ताने शेकडो सातबारे हाताखालून गेले. एखाद्या उताऱ्यावर देवस्थान इनाम अशी नोंद असे. जमीन देवाची, म्हणजे कागदोपत्री मालक दगडाची मूर्ती. पण त्या जमिनीवर पोट भरे ते पुजाऱ्याचे, गुरवाचे, दिवाबत्ती करणाऱ्याचे. खंड्याच्या सनदेबद्दल वाचले तेव्हा मला ते उतारे आठवले. कुत्र्याला गावचा वसूल काय करायचा? त्याला दोन वेळची भाकरी आणि धन्याचा हात पुरे. कुत्र्याच्या नावाने दिलेले उत्पन्न खाणार ती माणसेच: पालखी उचलणारी, कुत्र्याची निगा राखणारी. राजाने कृतज्ञता कागदावर उतरवली आणि ती माणसांच्या चुलीपर्यंत पोचली. ज्याला हा व्यवहार वेडगळ वाटतो, त्याने इनामाची पद्धत नीट पाहिलेली नाही.

आणि यात एक गंमतही दडली आहे. ज्याने कधी वतन मागितले नाही, त्याला वतन मिळाले. सरदारांचे अर्ज वाचून वाचून थकलेल्या राजाला, न मागणाऱ्याला देण्यात किती सुख वाटले असेल!

भर दरबारात

दुसरी गोष्ट इंद्रोजी कदमांची. मराठी बखरींच्या परंपरेत ती मोठ्या चवीने सांगितली जाते. इंद्रोजी हे श्रीमंत सरदार. त्यांच्या घोड्यांना चांदीचे नाल असत आणि एखादा नाल गळून पडला तर तो उचलायला कोणी थांबत नसे, असा त्यांचा डौल. हे महाराजांच्या भेटीला येणार, तेही अंगभर दागिने घालून, सगळे पथक सजवून, अशी वार्ता आली. राजापुढे आपली श्रीमंती मिरवायची, हा त्यातला हेतू कोणालाही कळण्यासारखा होता.

महाराजांनी काय केले? जामदारखान्यातले जडजवाहीर काढवले, ते कुत्र्याच्या अंगावर घातले, जरीचे वस्त्र पांघरले, आपली पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली. स्वतः साधे पांढरे कपडे घालून, बोडक्या डोक्याने दरबारात येऊन बसले. इंद्रोजी आत आले आणि पाहतात तो त्यांच्या अंगावर जे होते त्याहून किती तरी अधिक त्या कुत्र्याच्या अंगावर! मान खाली गेली. कोणी कोणाला एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी १८१८नंतर साताऱ्यास होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्याने कुत्र्याला सजवून दरबारात बसवल्याचा प्रसंग दिला आहे. पण तो महाराजांच्या मनाला झालेल्या विकाराचे लक्षण म्हणून. डोक्यावरची पगडी त्यांनी त्यानंतर पुन्हा घातली नाही, असेही तो नमूद करतो. डफ मेहनती इतिहासकार होता, आपल्यावर त्याचे उपकार आहेत. पण इथे त्याची नजर कमी पडली, असे मला वाटते. अकबराच्या कुत्र्यांच्या अंगावरचे दागिने आता आठवावेत. मोगली छावणीत वाढलेल्या माणसाला ती रीत परकी नव्हती. दागिना हा अंगाचा असतो, माणसाचा नसतो, हे सांगायला त्याने आपला सर्वांत विश्वासू सोबती निवडला. हे मनाचे दुखणे असेल, तर ते अनेक राज्यकर्त्यांना व्हावे, अशी प्रार्थना करावी लागेल.

आणि पगडी? शाहूंचा बोडका माथा हा साताऱ्यात चर्चेचा विषय झालाच असेल. पण ज्या राजाने आपल्या डोक्यावरचा मान एकदा कुत्र्याला दिला, त्याला तो परत काढून घेणे जमले नसावे. दिलेले परत घेणे हा त्याचा स्वभावच नव्हता.

विश्वासाचा नफा आणि तोटा

आता या स्वभावाचा ताळेबंद मांडू. जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. १७१३ साली त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाई दिली. त्याच बाळाजींनी कान्होजी आंग्र्यांना पुन्हा छत्रपतींच्या पायाशी आणले आणि १७१९मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि मातोश्री येसूबाई, दोन्ही घेऊन ते परतले. तीस वर्षे कैदेत काढलेली आई घरी आली. बाळाजी वारले तेव्हा, १७२० साली, जुन्याजाणत्यांचा विरोध असताना शाहूंनी त्यांच्या वीस वर्षांच्या मुलावर भिस्त ठेवली. त्या मुलाचे नाव बाजीराव. पुढचा इतिहास सांगायला नको.

१७३०च्या सुमारास वारणेकाठी शिकारीला गेले असताना उदाजी चव्हाणाने त्यांच्यावर चार मारेकरी घातले. महाराजांसमोर आल्यावर त्यांचे हात उठेनात. विचारल्यावर त्यांनी खरे सांगून टाकले. महाराजांनी त्यांना सोडून दिले. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. तळेगावी जाऊन महाराजांनी विजयी बाजीरावांना त्रिंबकरावांची आई उमाबाई यांच्यापुढे उभे केले, त्या माउलीची समजूत घातली आणि सेनापतिपद तिच्या घरातच ठेवले. माणसाला घालवून द्यायचे नाही, त्याच्या चुकीपेक्षा त्याचे आपल्याशी असलेले नाते मोठे धरायचे, ही रीत. कुत्री पाळणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. चप्पल फाडली म्हणून कोणी कुत्र्याला गावाबाहेर सोडून येत नाही.

पण खर्चाची बाजूही आहे आणि ती लपवून चालणार नाही. विश्वास टाकत टाकत सत्ताही हातून सरकत गेली. कर्तबगार सरदार दूरदूर मुलूख जिंकत होते आणि तिथे आपापली घराणी उभी करत होते. सातारा आशीर्वादाचे ठिकाण राहिले, हुकुमाचे ठिकाण पुणे होऊ लागले. १७४० साली बाजीराव गेले. छावणीच्या दिवसांपासून सोबत असलेल्या आणि राजवाड्याचा सगळा संसार सांभाळणाऱ्या विरूबाईही त्याच वर्षी गेल्या. पोटी मुलगा नाही. अखेरच्या आजारात वारसाचा प्रश्न भोवती घिरट्या घालू लागला. ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजांना पुढे केले, सकवारबाई राणीसाहेबांचा बेत निराळा, पेशवे नानासाहेब फौजेसह साताऱ्यात. अंथरुणाला खिळलेल्या राजाच्या खोलीबाहेर प्रत्येक जण आपापली सनद घेऊन उभा होता. लहानपणी छावणीत पाहिलेला तो निष्ठेचा बाजार आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा त्याच्या दाराशी भरला.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज साताऱ्यास निवर्तले. माहुलीच्या संगमावर त्यांचे दहन झाले. सकवारबाईही तिथेच सती गेल्या. त्यानंतर छत्रपतींच्या हाती नाव राहिले आणि कारभार पेशव्यांच्या.

मग इतका विश्वास टाकणे चुकले का? राजकारणाच्या अभ्यासकांनी याचे उत्तर द्यावे. मला एवढेच दिसते की, ज्या माणसाला सातव्या वर्षापासून अविश्वासाशिवाय दुसरे काही शिकवले गेले नाही, त्याने तो धडा पाठ करायला नकार दिला. कैदेतून सुटलेले राजे सहसा संशयी आणि क्रूर होतात. हा तसा झाला नाही. त्याने वैऱ्याचे पोर वाढवले, मारेकऱ्यांना सोडले, विशीतल्या पोराला पेशवा केले आणि कुत्र्याला पालखीत बसवले. ही चार निरनिराळ्या माणसांची कामे नव्हेत. यातले एक हवे असेल, तर बाकीची तीनही पदरात घ्यावी लागतात.

कुत्री पाळणाऱ्या घरांना हे मी मुद्दाम सांगतो. कुत्रे आपल्यावर प्रेम करते, याचे कौतुक सगळेच करतात. पण त्या प्रेमाचे आपण काय करतो? शाहूंनी ते माणसांकडे वळवले. जनावराकडून मिळालेली निष्ठा त्यांनी माणसांवर भरवसा टाकायला वापरली, कधी फायद्यात, कधी तोट्यात. जो घरातल्या तीन कुत्र्यांना जीव लावतो आणि दाराशी आलेल्या माणसावर खेकसतो, त्याला कुत्र्यांनी अजून पुरते शिकवलेले नाही.

माहुलीला गेलात तर उन्हाळ्याच्या दिवसांत जावे. पावसाळ्यात कृष्णा फुगते आणि काठावरचे सारे आपल्या पोटात घेते. पाणी ओसरले की दगड पुन्हा वर येतात. शाहू महाराजांची समाधी तिथेच, नदीच्या पात्रात आहे, आणि तिच्यापासून फार दूर नाही असा तो दगडी कुत्रा. चौथऱ्यावर बसलेला, नाकडोळे झिजलेला. साताऱ्याचे जुने लोक मुलांना तो हात करून दाखवतात आणि नावही सांगतात. पालखीचे भोई गेले, सनदेचा अंमल गेला, पेशवाई गेली, कंपनी सरकारही गेले. पण नाव विचारले की अजून उत्तर मिळते: खंड्या.